अर्धं पान

बालाजीरावांनी बँकेतून मुदतीआधीच निवृत्ती घेतली, तेव्हा घरात सगळ्यात जास्त घाबरली ती त्यांची मुलगी सौम्या. ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. अप्पा आता दिवसभर घरात बसणार आणि आईशी वाद घालणार, या कल्पनेनंच तिला धडकी भरली. झालं ते वेगळंच. अप्पा घरात बसलेच नाहीत. ते रोज सकाळी पिशवी घेऊन अड्यारच्या बाजारात जायला लागले आणि एक दिवस भाजीबरोबर एक मुलगा घेऊन आले.

मुलगा म्हणजे अनिकेत. मूळचा कऱ्हाडचा, शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नुकताच लागलेला. बाजारात तो भाजीवालीला खुणा करून कोथिंबीर मागत होता आणि तिनं तिसऱ्यांदा कढीपत्ता हातात ठेवल्यावर स्वतःशीच मराठीत वैतागला. ते अप्पांनी ऐकलं. चेन्नईच्या बाजारात मराठी कानावर पडलं की अप्पांना राहवायचं नाही. ते तंजावरच्या मराठ्यांपैकी. घराणं तिकडे जाऊन तीनशे वर्षं झाली, तरी घरात भाषा मराठीच. अर्थात ती मराठीही आता अर्धी तमिळ झाली होती.

"जेवलास कीं नाही?" दारातच तुळजाबाईंनी, म्हणजे सौम्याच्या आईनं, त्याला विचारलं. "आमच्या ह्यांनीं सांगिटलं नाही, नाहीतर आणखी थोडा भात टाकला असता. शरि, असूं दे, बैस. आहे तें वाटून खाऊं."

'सांगिटलं' ऐकून अनिकेतला हसू आलं, पण बोलण्याचा सूर इतका आपलेपणाचा होता की तो निमूट बसला. पुढच्या आठवड्यात त्यानं खोलीवरच्या दोघांना आणलं. त्यांनी आणखी दोघांना. अशी ती मेस सुरू झाली. कुणी ठरवली नव्हती.

ते साल २००४. त्या उन्हाळ्यात शहरात पाण्याची फार टंचाई होती. नळ कोरडे, सगळ्यांचं लक्ष टँकरकडे. इतक्या जणांची ताटं घासायला पाणी कुठून आणणार? तुळजाबाईंनी मागच्या पडवीत केळीची पानं मांडली. आणि त्यांचा एक नियम होता. पान लहान असो की मोठं, त्या ते मधोमध कापायच्या आणि पहिल्यांदा प्रत्येकाला अर्धंच वाढायच्या.

पानांच्या पहिल्या दिवशी अनिकेतचा चेहरा पडला होता. दिवसभर काम करून आलेला माणूस, आणि समोर तळहाताएवढं पान.

"अक्का, एवढ्यावर माझं भागायचं नाही हो," तो म्हणाला.

"भागूं नयेच," तुळजाबाई म्हणाल्या. "हें संपव. उरलेलं अर्धं तुझंच आहे. तें कुठे पळत नाही."

त्यानं ते संपवलं, दुसरं अर्धं मागितलं, त्यावर थोडंच वाढून घेऊन खाल्लं आणि पोट भरल्याचं त्याच्या लक्षात आलं. त्या दिवसापासून तो कधी पूर्ण पान घ्यायचा, कधी अर्ध्यावर उठायचा. सकाळी ऑफिसच्या बसमधून मुलं अप्पांच्या मोबाइलवर एसेमेस पाठवायची. 'फुल', 'हाफ', किंवा 'नो'. अप्पा चष्मा कपाळावर चढवून ते मोठ्यानं वाचायचे आणि तुळजाबाई त्या हिशेबानं तांदूळ धुवायच्या. तांदळाचं धुवण अंगणातल्या अळूला जायचं. दोडक्याच्या शिरांची चटणी व्हायची. कलिंगडाचा पांढरा भाग किसून त्याचं कूट, म्हणजे डाळ घातलेली पातळ भाजी. उरलेल्या भाताला रात्रीतून पाणी घालून सकाळी ताक आणि सांडगी मिरची. आंबलेल्या ताकाचं पळेद, म्हणजे आपल्याकडच्या कढीची तंजावरी बहीण. त्या घरात कचऱ्याची बादली होती, पण तिला फारसं काम नसायचं.

मुलांना या सगळ्याचं अप्रूप होतं. सौम्याला नव्हतं.

ती याच घरात वाढली होती. शाळेत डबा उघडला की मैत्रिणी विचारायच्या, "आज कशाची सालं?" आणि सगळ्या हसायच्या. तिच्या एका मैत्रिणीकडे मोठा फ्रिज होता, त्यात कालचं, परवाचं, कुणीच न खाल्लेलं काही ना काही असायचं. जेवताना त्या घरी ताटात थोडं टाकूनच उठायचे. सौम्याला लहानपणी वाटायचं, श्रीमंती म्हणजे हीच. ताटात काहीतरी टाकता येणं. मोठी झाल्यावर ती हे कुणाला बोलली नाही, पण ते वाटणं गेलंही नाही. आई केळफूल सोलायला बसली की ती पुस्तक घेऊन वरच्या खोलीत जायची. नाहीतर आई तिला हाताशी घ्यायची. त्या फुलाच्या एकेका कळीतला ताठ दांडा आणि पारदर्शक पापुद्रा काढायचा, कळ्या ताकात टाकायच्या, बोटं काळी पडायची आणि शेवटी हाती लागायची ती वाटीभर भाजी.

पुढच्या वर्षी सौम्याला नोकरी लागली. अनिकेतच्याच कंपनीत, पण प्रशासन विभागात. कँटीनची देखरेख तिच्याकडे आली. तिला ते कँटीन मनापासून आवडलं. काचेच्या भिंतींतून दिसणारं आकाश, चकचकीत झाकणांखाली वाफाळणारी भांडी, दोन प्रकारचे भात, तीन भाज्या, पोळ्या, गोड, फळं. पाहिजे ते, पाहिजे तेवढं घ्या. कुणी कापलेलं पान समोर ठेवत नव्हतं.

वर्षाअखेर कंपनीनं कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांना जेवायला बोलावलं. सगळी तयारी सौम्यानं केली. आई-अप्पा आले तेव्हा ती आतून ताठ झाली होती. आई आता काहीतरी बोलणार. एवढं कशाला, एवढं कोण खाणार, असं.

 आईनं मात्र ताटात थोडं थोडं घेतलं, चवीनं खाल्लं, परत गेली, पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदा गेली ती केळफुलाच्या वड्यांसाठी. कँटीनचे कंत्राटदार गजेंद्र यांनी त्या खास त्या दिवसासाठी केल्या होत्या.

"सौम्या, ह्या कोणीं केल्या गं?" आईचे डोळे चमकत होते. "माझ्या हातालासुद्धां अशा येत नाहींत. खुसखुशीत! अहो, तुम्हीं घेतल्या कीं नाही?"

सौम्या इतकी खूश झाली की तिनं गजेंद्रांना बोलावून आईची ओळख करून दिली.

पाहुणे गेल्यावर हिशेबाचे कागद घ्यायला ती कँटीनच्या मागच्या बाजूला गेली. तिथे ती सहसा जात नसे. निळ्या ड्रमांची रांग लागली होती आणि गजेंद्रांची माणसं भांडी उपडी करत होती. ताटातलं उष्टं तर होतंच, पण न शिवलेला भात होता, पायसम होतं. एका माणसानं मोठी परात उचलली आणि ड्रमवर तिरकी केली. वड्या. केळफुलाच्या, परातभर, कुणी हातसुद्धा न लावलेल्या.

सौम्याच्या तोंडून एकदम निघालं, "थांबा!"

माणूस थांबला. काय झालं, ते त्याला कळेना.  तिला दिसत होती आई, पडवीत पाय पसरून बसलेली, बोटं काळी, एकेक कळी उजेडाकडे धरून त्यातला दांडा काढणारी. या परातीसाठी अशा किती बायका किती वेळ बसल्या असतील? वरच्या खोलीत पुस्तकात डोकं घालून बसण्याची सवय असलेल्या त्या मुलीला पहिल्यांदाच ते काम दिसलं, आणि तेही ड्रमच्या तोंडाशी.

"हे कुणाला देता येणार नाही का?" तिनं गजेंद्रांना विचारलं.

"फाटकाबाहेर काही न्यायचं नाही, असं तुमच्याच ऑफिसनं लिहून घेतलंय, मॅडम," गजेंद्र म्हणाले. "कुणाला बाधलं तर नाव कंपनीचं जाईल म्हणून."

"मग कमी करा."

"आणि कमी पडलं तर? एकाही माणसाला रिकामं भांडं दिसलं, तर दुसऱ्या दिवशी सगळे म्हणतील, गजेंद्रच्या कँटीनमध्ये जेवण पुरत नाही. मी स्वयंपाक्याच्या घरात जन्मलोय. मला हे ओतताना बरं वाटतं, असं वाटतंय का तुम्हाला?"

त्या दिवशी घरी जाऊन सौम्यानं आईला काहीच सांगितलं नाही. आई मात्र वड्यांचं कौतुक शेजारणीला सांगत होती.

नव्या वर्षात सौम्यानं साहेबांच्या मागे लागून कँटीनमध्ये लहान ताटं आणवली. भिंतीवर पाट्या लावल्या, 'हवं तेवढंच घ्या', 'अन्न वाया घालवू नका'. चार दिवसांत ऑफिसभर मेल फिरायला लागले. कंपनी आमचे घास मोजते आहे. पुढच्या महिन्यात पाणीही मोजून देणार का? कुणीतरी ताटाच्या चित्राशेजारी बशीचं चित्र लावलं होतं. साहेबांनी तिला बोलावलं आणि शांतपणे सांगितलं, "सौम्या, तुझा हेतू चांगला आहे. मोठी ताटं परत आण."

तिनं परत आणली. पाट्या स्वतःच्या हातानं काढल्या. बसमधून घरी येताना ती खिडकीकडे तोंड करून रडली. शेजारी अनिकेत बसला होता. 

तो म्हणाला, "एक सांगू? तो बशीचा मेल मलाही आला होता. मी हसलोसुद्धा."

"हसा की," ती म्हणाली.

"पण मग मी विचार करत होतो. तुझ्या घरी मी अर्धं पान मुकाट्यानं घेतो. इथे लहान ताट बघून मला राग का आला?"

"आईला सगळे घाबरतात म्हणून."

"छे! अक्काला कोण घाबरतं? अक्का विचारते. आज भूक कशी आहे, काय आवडलं, आणखी वाढू का, पुरे झालं का. तुमच्या कँटीनमध्ये कुणी विचारतं का? पाटी सांगते. पाटीवर माणूस चिडतोच."

सौम्यानं डोळे पुसले. खिडकीबाहेर नव्या इमारतींचे सांगाडे मागे पडत होते. तिच्या मनात आलं, हा म्हणतो ते खरं आहे. घरी कधी कुणी कुणाला अन्न टाकू नका म्हणाल्याचं तिला आठवेना. तिथे फक्त वाढणारं कुणीतरी समोर उभं असायचं.

दुसऱ्या दिवशी तिनं गजेंद्रांना गाठलं. तिचं म्हणणं असं: कँटीनमध्ये जेवण घ्यायच्या चार खिडक्यांपैकी एकाच खिडकीवर, आठवड्यातून एकाच दिवशी, लोकांनी स्वतः न घेता माणसानं विचारून वाढायचं. ताट मोठंच. कितीही वेळा या.

"वाढायला माझी माणसं कमी आहेत," गजेंद्र म्हणाले.

"मी उभी राहते."

गजेंद्रांनी तिच्याकडे पाहिलं, आणि कपाटातून एक एप्रन काढून दिला.

पहिल्या दिवशी त्या खिडकीशी फारसं कुणी आलं नाही. प्रशासनातली मुलगी डोक्याला टोपी घालून सांबार वाढते आहे, हे बघायला मात्र पुष्कळ आले. सौम्याचे कान लाल झाले होते. तरी ती आईसारखंच विचारत होती. तमिळ माणसाला तमिळमध्ये, मराठी मुलांना मराठीत, बाकीच्यांना इंग्रजीत. भात किती? आज रस्सम छान झालंय, आधी थोडं चाखून बघता? पोदुमा, पुरे का? हळूहळू एक गंमत तिच्या लक्षात आली. कुणी विचारलं की माणूस क्षणभर थांबतो, स्वतःच्या पोटाचा अंदाज घेतो आणि मग सांगतो. बरेच जण हसून सांगायचे. एक वयस्क प्रोग्रॅमर म्हणाला, बायको माहेरी गेल्यापासून मला हे कुणी विचारलं नव्हतं.

दोन महिन्यांत त्या खिडकीची रांग सगळ्यात लांब झाली. गजेंद्रांनी आपली दोन माणसं तिथे दिली आणि आठवड्याचा एक दिवस रोजचा झाला. त्या खिडकीची भांडी जवळजवळ रिकामी परत यायला लागल्यावर त्यांची भीतीही थोडी कमी झाली, त्यांनी तांदळाचं माप उतरवलं. न शिवलेलं अन्न दुपारीच झाकण लावून त्याच रस्त्यावरच्या वृद्धाश्रमात पाठवायला साहेबांनी परवानगी दिली. ती मिळवायला सौम्याला बरंच लढावं लागलं. उरलेल्या तीन खिडक्या होत्या तशाच राहिल्या. ड्रमही राहिले. संख्या तेवढी घटली.

एक दिवस तिनं आईला दुपारी कँटीनमध्ये बोलावलं, कारण न सांगता. तुळजाबाई नेसूची कांजीवरम सावरत रांगेत उभ्या राहिल्या आणि खिडकीशी आल्यावर समोर एप्रन घातलेली मुलगी पाहून थबकल्याच.

"किती वाढूं, आई?" सौम्यानं विचारलं.

आयुष्यभर हा प्रश्न विचारत आलेल्या तुळजाबाईंना उत्तर देता येईना.  मागची माणसं थांबली होती.

"तूंच वाढ," शेवटी त्या म्हणाल्या. "मला कोणीं कधी विचारलं नाही गं. मला ठाऊक नाही मला किती लागतें."

सौम्यानं वाढलं. आई तिच्या समोरच्याच टेबलावर बसून सगळं जेवली आणि सावकाश उठून पुन्हा रांगेत आली. "तो भोपळा आणखी थोडा," ती म्हणाली, अगदी लहान मुलीसारखं. त्या संध्याकाळी सौम्या घरी आली ती सरळ पडवीत गेली आणि आईसमोर पाय पसरून केळफूल सोलायला बसली.  आईनं बोटांना लावायला तेलाची वाटी पुढे सरकवली.

ती तीन-चार वर्षं आता आठवली, की सौम्याला ती सगळी एकाच लांबलचक दिवसासारखी वाटतात. पडवीत पानं मांडलेली. अप्पा मोठ्यानं एसेमेस वाचताहेत. कुणी सावनी नावाची पुण्याची मुलगी आईकडून डांगरपचडी, उडदाच्या पिठाची दह्यातली कोशिंबीर, शिकते आहे आणि त्यात साखर घालावी की नाही, यावरून दोघींचं वाजलंय. जेवण झाल्यावर उष्ट्या हातानंच सगळे तसेच बसलेले, गप्पा संपत नाहीत, हात वाळून गेले तरी कुणी उठत नाही. तेव्हा वाटायचं, हे काय, रोजचंच आहे.

२००८ च्या अखेरीस मंदीची हवा सुरू झाली. काही मुलांच्या नोकऱ्या गेल्या, काहींच्या बदल्या झाल्या. अनिकेतला पुण्यात काम मिळालं. अप्पांचे गुडघे जिने चढू देईनात, आणि तंजावरला धाकट्या काकांच्या घराशेजारी एक बैठं घर रिकामं झालं होतं. अड्यारचं घर बिल्डरला द्यायचं ठरलं. सौम्यानं ऑफिसजवळ खोली घेतली. कंपनीनंही पुढे नव्या इमारतीत संसार हलवला आणि तिथे ओळीनं खाण्याची नामांकित दुकानं आली, ज्यांत वाढणारं कुणी नव्हतं. तिची खिडकी जुन्या इमारतीबरोबरच संपली. त्याचं तिला वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही. गजेंद्रांनी मात्र दुसऱ्या एका कारखान्याचं कँटीन घेतलं आणि तिथे पहिल्या दिवसापासून विचारून वाढायला माणसं ठेवली. त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं.

आई-अप्पा निघाले त्या संध्याकाळी सौम्या त्यांना एग्मोर स्टेशनवर सोडायला गेली. रेल्वेमार्गाच्या रुंदीकरणामुळे तेव्हा तंजावरची गाडी त्रिचीवरून फिरून जायची. फलाटावर पोचते तर मुलं आधीच हजर. जी चेन्नईत उरली होती ती सगळी, आणि पुण्याहून खास आलेला अनिकेतही. प्रत्येकाच्या हातात काहीतरी. कुणी आधी कुणाला विचारलं नव्हतं. एकानं चिंचभात आणला होता, एकानं दहीभात, तिघांनी इडल्या, सावनीनं गुळाच्या पोळ्या, अनिकेतनं त्याच्या आईनं दिलेला भडंगाचा भला मोठा डबा. सगळं गाडीत चढवल्यावर सीटखाली जागा उरली नाही.

अप्पा हसत सुटले. "अरे, तंजावर कीं काशी? एवढं खाऊन आम्हीं पोचूं तरी काय?"

"तुम्हीं हसूं नका," तुळजाबाई म्हणाल्या.  एकेक डबा त्या मांडीवर घेत होत्या, झाकण उघडून वास घेत होत्या आणि परत लावत होत्या. "पोरांनीं केलंय हें. स्वतःच्या हातानं."

गाडी सुटायची वेळ झाली. मुलं एकेक करून पाया पडली. अनिकेत सगळ्यात शेवटी वाकला आणि उठायला जरा जास्तच वेळ लावला. शिट्टी झाली आणि सगळे फलाटावर उतरले. अप्पांनी खिडकीतून हात बाहेर काढला. सौम्या गाडीबरोबर चालायला लागली आणि आई कुठे दिसते का, म्हणून आत पाहू लागली.

आई खिडकीशी नव्हती. ती डब्याच्या मधल्या वाटेत उभी होती. एका हातात इडल्यांचा डबा, दुसऱ्या हातानं वरच्या बर्थची साखळी धरलेली. समोरच्या बाकावरच्या तान्ह्या मुलाच्या आईपाशी वाकून ती काहीतरी बोलत होती. ती बाई आधी मान हलवत होती, मग हसली आणि तिनं हात पुढे केला. सौम्यानं हाक मारली, पण गाडीनं वेग घेतला होता आणि आई पुढच्या बाकाकडे वळली होती.